आधी धर्मकाटा

(पहाट. देवास नाका. धर्मकाट्याच्या लोखंडी पाटावर पिकअपची फक्त पुढची चाकं.)

इंदूरचा देवास नाका. इथल्या धर्मकाट्यावर, म्हणजे वाहनं तोलायच्या काट्यावर, रोज गव्हाचे, सोयाबीनचे, सळयांचे ट्रक चढतात. आज चढली आहे एक रिकामी डिझेल पिकअप, आणि तीही अर्धीच. मागची चाकं मुद्दाम बाहेर ठेवली आहेत.

आकडा बघा. पुढच्या अ‍ॅक्सलवर १,१६० किलो.

आता गाडी हळूच पुढे सरकते. पुढची चाकं उतरली, मागची चढली. ८५० किलो.

म्हणजे चालकासकट २,०१० किलोची गाडी. तिला ढकलायचं काम मागच्या चाकांचं, आणि निम्म्याहून जास्त वजन बसलंय पुढे, इंजिनापाशी.

गाडी आली आहे राजेंद्र नगरच्या एका मराठी गॅरेजमधून. गॅरेज मामा-भाच्याचं. भाच्याला ड्रॅग रेसिंगची ओढ: उभ्या गाडीनं सुटायचं आणि सरळ रेषेत ४०२ मीटर कापायचे, म्हणजे पाव मैल. त्याला इंजिनाला ताकद वाढवणारी चिप लावायची होती. मामांनी एवढंच सांगितलं, "चिपचं मग बघू. आधी गाडी काट्यावर चढव."

(गॅरेज. शटर अर्धं खाली. मामांच्या हातात खडू.)

शटरवर मामा जे लिहीत आहेत ते अमेरिकन ड्रॅग रेसिंगमधलं जुनं सूत्र आहे. तिकडे ते पौंडांत मांडतात, मामांनी किलोंत उतरवलंय. गाडीच्या वजनाला हॉर्सपॉवरने भागायचं, उत्तराचं घनमूळ काढायचं, त्याला ७.५८ ने गुणायचं. पाव मैलाला लागणारे सेकंद, अंदाजे.

गाडीची ताकद १३४ हॉर्सपॉवर. २,०१० भागिले १३४, बरोबर १५. घनमूळ २.४७. वेळ १८.७ सेकंद.

आता भाचा ताकद दुप्पट करून बघतो. २६८ हॉर्सपॉवर. उत्तर येतं १४.८. ताकद दुप्पट, वेळ मात्र जेमतेम पाचव्या हिश्शाने कमी. भाचा ते पुन्हा करून बघतो. उत्तर तेच.

मग मामा ताकद होती तेवढीच ठेवून वजनातले २०० किलो कमी करतात. १८.१ सेकंद. एवढा फरक इंजिनातून काढायचा तर सुमारे १५ हॉर्सपॉवर वाढवावी लागली असती. इथे पाना पुरतो.

(पान्याचा आवाज. पुढचा लोखंडी गार्ड खाली उतरतो.)

कुठला भाग काढायचा, यात खरी मेख आहे. पुढचा गार्ड पुढच्या अ‍ॅक्सलच्याही पुढे लटकलेला असतो. तो निघाला की गाडी हलकी होते आणि मागच्या चाकांवरचा भार उलट किंचित वाढतो. अशा गार्डवर तशीही बंदी आहे. स्टेपनीचं याच्या उलट. ती हौद्याखाली, मागच्या अ‍ॅक्सलच्या पलीकडे टांगलेली. तिच्यामुळे मागच्या चाकांवर तिच्या वजनापेक्षाही जास्त भार पडतो. ती काढली तर पकडच कमी होईल. म्हणून स्टेपनी जागेवर राहिली.

(राऊच्या पुढे, एक खासगी बंद जागा. मुरमाची पट्टी. चाकाजवळ कॅमेरा, स्लो मोशन.)

शटरवरचं सूत्र धरून चालतं की चाक घसरत नाही. आता इथे बघा.

क्लच सुटला. चाक फिरतंय, गाडी जागेवर आहे. मुरमाचा खडान् खडा मागे उडतोय. इंजिनाची ताकद तेवढीच आहे, ती जमिनीपर्यंत पोचत नाही.

मागच्या एका चाकावर भार सव्वाचारशे किलो. टायरमध्ये हवा ३५ पौंड, म्हणजे एका चौरस सेंटीमीटरला साधारण अडीच किलो. भागाकार केला की जमिनीला टेकलेलं रबर निघतं, पावणेदोनशे चौरस सेंटीमीटरच्या आत-बाहेर. पसरलेल्या पंजाहून थोडं मोठं. सगळा खेळ एवढ्या रबरावर.

(वाळूची चार पोती हौद्यात.)

पन्नास-पन्नास किलोची चार पोती, नेमकी मागच्या अ‍ॅक्सलच्या वर बांधलेली. मागचा भार १,०५० किलो. त्याच मुरमावर गाडी आता कमी घसरते आणि सुटते. पण हीच पोती ४०२ मीटर वाहून न्यायची आहेत. सूत्रानुसार वेळ १९.३ सेकंद, म्हणजे रिकाम्या गाडीपेक्षा सहा दशांश जास्त. चाक घसरत असेल तर पोती फायद्याची. टायर धरत असेल तर तीच ओझं.

डांबरावर निसर्ग स्वतःच थोडी मदत करतो. चांगला टायर असेल तर या गाडीच्या जोरदार सुटण्यात सुमारे १८० किलो भार पुढून मागे सरकतो. नाक उचलतं ते त्यामुळे.

(गाडीखालचा कॅमेरा. पाटे, म्हणजे अ‍ॅक्सलला धरणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा.)

हे दृश्य मिळावं म्हणून तीन दिवस खर्ची पडले. अ‍ॅक्सल चाकाला पुढे फिरवतो, तेव्हा स्वतः उलटा पिळला जातो. पाटे इंग्रजी एसच्या आकारात वाकतात, मग सुटतात, पुन्हा वाकतात. प्रत्येक झटक्याला चाकाची पकड सुटते. अमेरिकन डिझेल पिकअपवर म्हणूनच अ‍ॅक्सलपासून चासीपर्यंत जाडजूड दांडे बसवतात. मामांनी तसेच दांडे पाइपातून बनवले. वेल्डिंग बघा, किती सरळ रेघ आहे.

त्या अमेरिकन गाड्यांचं दुखणं फार मोठं. डॉज कंपनीच्या पिकअपमध्ये १९८९ च्या मॉडेलपासून कमिन्स कंपनीचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन आलं. बिडाचं, जवळजवळ अर्ध्या टनाचं, सगळं नाकावर. त्यावर तिकडच्या लोकांनी काढलेला उपाय मला फार आवडतो: चारही चाकं चालवायची. मग नाकावरचं तेच वजन पुढच्या चाकांची पकड बनतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या गाडीत ब्रेक दाबून इंजिनावर भार द्यायचा, टर्बोत, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्यात, दाब भरला की ब्रेक सोडायचा. कमिन्सवर बसणारे होल्सेट टर्बो इथून तासाभरावर, देवासलाही बनतात.

गाडीत बदल केले की धूर, इन्शुरन्स, आरटीओ हे सगळं आहेच, आणि सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे.

(पुन्हा गॅरेज. बोनेट उघडं.)

भाचा बॅटरी काढतोय. साधारण वीस किलोची. ती हौद्यात जाणार, मागच्या अ‍ॅक्सलच्या वर, लोखंडी पेटीत. जाड केबल चासीच्या कडेने ओढली आहे, मध्ये फ्यूज. मामा केबल पट्टीवर मोजतात, एक हात जास्तच ठेवतात.

(देवास नाका. तोच काटा. गार्ड, दांडे, बॅटरी, सगळं झाल्यावर.)

पुढची चाकं: १,१०० किलो.

मागची: ८९० किलो.

भाचा पावती घेतो, जुन्या पावतीवर ठेवतो आणि दोन्ही घडी करून खिशात घालतो.