पत्ता मुदतीवर मिळतो

नमस्कार. समोर बसलेल्यांपैकी बरेच जण सोसायटीच्या ऑफिसातले, क्लासमधले किंवा दवाखान्यातले दोन-चार संगणक सांभाळता, म्हणून थेट कामाचंच बोलतो.

संगणक नेटवर्कला जोडला की त्याला चार गोष्टी लागतात. स्वतःचा आयपी ॲड्रेस म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, आपलं नेटवर्क कुठपर्यंत आहे ते सांगणारा सबनेट मास्क, बाहेर पडायचं दार म्हणजे गेटवे, आणि साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा डीएनएस सर्व्हर. चारही हाताने भरता येतात. इथे नौपाड्यात मी किती तरी ऑफिसांत मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी चिकटवलेली बघितली आहे : १९२.१६८.१.१४. नवा लॅपटॉप येतो, कुणीतरी चिठ्ठी बघून तोच आकडा त्यातही भरतं, आणि एका पत्त्यावर दोन मशीन होतात. कधी याचं इंटरनेट जातं, कधी त्याचं. पत्ते वाटायचं काम माणसाने अंगावर घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधून नेटवर्क अँड इंटरनेटमध्ये जा, जोडलेल्या नेटवर्कची प्रॉपर्टीज उघडा, आयपी असाइनमेंटसमोर एडिट दाबा आणि ऑटोमॅटिक डीएचसीपी, म्हणजे पत्ते आपोआप वाटायची पद्धत, निवडा. डीएनएसची ओळ तिथे वेगळी असते, तीही ऑटोमॅटिक करा. ही ओळ हमखास राहून जाते. मग पत्ता मिळतो, पण जुना डीएनएस बंद पडलेला असला तर साइट उघडत नाही.

आता आत काय घडतं ते बघा. नुकत्याच सुरू झालेल्या संगणकाला स्वतःचा पत्ताच नाही, तर तो विचारणार कुणाला? तो ०.०.०.० वरून २५५.२५५.२५५.२५५ ला, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारतो : पत्ता देणारं कुणी आहे का? हे डिस्कव्हर. पत्ते वाटणारा राउटर म्हणतो, १९२.१६८.१.१०७ मोकळा आहे. ही ऑफर. संगणक पुन्हा सगळ्यांच्या कानावर घालतो की मी १०७ घेतोय. ही रिक्वेस्ट. देणाऱ्याला एकट्याला न सांगता सगळ्यांना का? तर नेटवर्कवर पत्ता देणारे दोघे असतील, तर दुसऱ्यालाही कळावं आणि त्याने राखून ठेवलेला पत्ता मोकळा करावा. मला ही रीत फार आवडते. शेवटी राउटरचं ॲक्नॉलेज येतं आणि व्यवहार पक्का होतो.

हाकेला उत्तरच आलं नाही, तर विंडोज स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा एक पत्ता घेतं. तो आकडा दिसला की आधी केबल आणि राउटर तपासा.

पत्ते वाटायच्या १९८५ च्या बूटपी पद्धतीत प्रत्येक मशीनची नोंद आधीच यादीत करून ठेवावी लागे. १९९३ मध्ये डीएचसीपी आलं आणि पत्ता मुदतीवर द्यायची सोय झाली. ठाण्यात भाड्याने राहिलेल्यांना अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स समजावून सांगायला नको. आपण करार संपत आला की मालकाला फोन करतो. संगणक मात्र अर्धी मुदत झाली की लगेच वाढ मागतो.

ही मुदत किती ठेवायची, इकडे कुणी बघत नाही. गेल्या पावसाळ्यात एका क्लासमध्ये मला बोलावलं होतं. सकाळी, दुपारी सगळं सुरळीत, पण संध्याकाळच्या बॅचचे फोन वायफायला जोडलेच जात नव्हते. सर नवा राउटर घ्यायला निघाले होते. मी राउटरमधली यादी उघडली. पत्ते १०० ते १९९, म्हणजे बरोब्बर शंभर. मुदत २४ तास. शंभरच्या शंभर ओळी भरलेल्या, आणि वर्गात मुलं बावीस! बाकीचे पत्ते सकाळी-दुपारी येऊन घरी गेलेल्या मुलांच्या फोनच्या नावावर. फोन खिशात टाकून निघालेला मुलगा राउटरला सांगून जात नाही ना. भाडेकरू खोली सोडून गेला, पण करार उद्यापर्यंत त्याच्याच नावावर. मुदत दोन तासांवर आणली, जुनी यादी पुसली, आणि पाच मिनिटांत सगळ्यांचे फोन जोडले गेले.

प्रिंटरची गोष्ट वेगळी. त्याचा पत्ता बदलला की ऑफिसातली छपाई अडते. तरीही त्याच्यात हाताने आकडा टाकू नका. राउटरमध्ये ॲड्रेस रिझर्व्हेशन असतं, तिथे प्रिंटरचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक, नोंदवा. प्रिंटर इतरांसारखाच पत्ता मागेल, आणि त्याला दर वेळी तोच मिळेल.

उद्या ऑफिसात गेलात की चिठ्ठ्या फाडायच्या आधी प्रत्येक मशीनवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल' चालवा. 'डीएचसीपी एनेबल्ड'समोर 'नो' दिसलं, तर त्या मशीनमध्ये कुणीतरी हाताने भरलेला आकडा अजून बसलेला आहे.