जोसेफिन बेकरची अट

मायामी, १९५१. कोपा सिटी या नाइटक्लबला गायिका-नर्तकी जोसेफिन बेकर हवी आहे. पैसा भरपूर मिळणार आहे, तरी ती नाही म्हणते. काळ्या कलाकाराने तिथे मंचावर गावं, पण काळ्या माणसाने समोर खुर्चीवर बसू नये, असा रिवाज. तिची अट एकच: दारात कुणाचा रंग बघायचा नाही. अखेर मालक नमले. पुढच्या दौऱ्यात ही अट तिच्या करारातच लिहिली जाऊ लागली.

तिचा जन्म १९०६चा, सेंट लुईसमधला. घरी अठराविश्वे दारिद्र्य. लहानपणीच गोऱ्यांच्या घरची धुणीभांडी तिच्या वाट्याला आली. ती अकरा वर्षांची असताना, १९१७ साली, नदीपलीकडच्या ईस्ट सेंट लुईसमध्ये काळ्यांची घरं पेटवली गेली. जीव मुठीत धरून पळणारी ती माणसं ती कधीच विसरली नाही.

१९२५मध्ये ती पॅरिसला पोचली. नाच, गाणं, विनोद, सिनेमा, सगळ्यांत तिची हुकमत. केळ्यांचा तो प्रसिद्ध घागरा आज बघताना खटकतो, खटकायलाच हवा. पण त्यात नाचणाऱ्या मुलीचे डोळे नीट बघा. प्रेक्षकांना कसं खेळवायचं, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

महायुद्धात तिने फ्रान्ससाठी हेरगिरी केली. गाण्यांच्या कागदांवर अदृश्य शाईने लिहिलेली माहिती सीमेपार गेली. एवढ्या नामांकित बाईची झडती कोण घेणार?

याच बाईला ऑक्टोबर १९५१मध्ये न्यूयॉर्कच्या स्टॉर्क क्लबमध्ये जेवणासाठी ताटकळत ठेवलं गेलं. तिने जाहीर तक्रार केली. त्यावर वॉल्टर विंचेल या बड्या स्तंभलेखकाने तिला कम्युनिस्ट ठरवलं आणि ठरलेले कार्यक्रम रद्द होऊ लागले. अट मात्र तिने सोडली नाही.

२८ ऑगस्ट १९६३, वॉशिंग्टन. काळ्यांच्या नागरी हक्कांसाठी निघालेला मोर्चा, लिंकन स्मारकासमोर सुमारे अडीच लाख माणसं. सत्तावन्न वर्षांची जोसेफिन बोलायला उभी राहते. डोळ्यांना चष्मा, अंगावर फ्रेंच गणवेश, छातीवर पदकं. ती सांगते, राजेराण्यांच्या महालांत मी गेले, राष्ट्राध्यक्षांच्या घरी गेले. अमेरिकेतल्या हॉटेलात मात्र मला कपभर कॉफी मिळाली नाही.

१९७५च्या एप्रिलमध्ये, पॅरिसमधला नवा कार्यक्रम गाजत असतानाच ती गेली. ३० नोव्हेंबर २०२१ला फ्रान्सने तिला पँथिऑनमध्ये, म्हणजे देशातल्या थोरांच्या पॅरिसमधल्या स्मारकात, स्थान दिलं. हा मान मिळालेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. तिचा देह मोनाकोत पुरलेला होता, तो तिथेच राहिला. सैनिकांनी खांद्यावरून आणलेल्या शवपेटीत होती तिच्या आयुष्यातल्या चार ठिकाणची माती. त्यातली एक मूठ सेंट लुईसची.