मुलांच्या खोलीतील बुरशी : आधी ओल शोधा

मुलांच्या खोलीत भिंतीवर काळे ठिपके दिसले की आपण बाजारातून एखादा फवारा आणून भिंत पुसतो, आणि श्रावण सरायच्या आत ते ठिपके पुन्हा उगवतात. बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात, त्यांना घराबाहेर ठेवणे शक्य नाही. त्यांना रुजायला ओल लागते आणि नेमकी तीच आपण तशीच राहू दिलेली असते. त्यामुळे भिंत कशाने पुसावी यापेक्षा पाणी कुठून येते, हे आधी पाहावे लागते.

मुंबईत नैर्ऋत्येचा पाऊस इमारतीच्या दक्षिण-पश्चिम बाजूंना झोडपतो आणि बाहेरच्या गिलाव्याला तडा असेल तर पाणी आतपर्यंत झिरपते. कधी वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराची गळती असते. कधी मात्र गळती कुठेच नसते. भिंतीला चिकटवून ठेवलेल्या कपाटामागे हवा खेळत नाही आणि खोलीत वाळत घातलेल्या कपड्यांचे बाष्प तिथल्या गार भिंतीवर साचते. यातला फरक ओळखण्यासाठी प्लास्टिकचा एक तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवावा आणि एक-दोन दिवसांनी पाहावा. थेंब खोलीच्या बाजूला असतील तर दोष हवेतील दमटपणाचा, भिंतीच्या बाजूला असतील तर ओल भिंतीतलीच. पोपड्यांवरची पांढरी भुकटी मात्र पाण्यात विरघळली तर ती बुरशी नसून लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेला क्षार असतो, हेही लक्षात असू द्यावे.

डाग साधारण 10 चौरस फुटांच्या आत असेल तर घरच्या घरी पुसता येतो; त्याहून मोठा असेल तर जाणकार माणसाला बोलवावे. पुसताना मूल त्या खोलीत नसावे, इतकेच नव्हे तर अंथरूण आणि खेळणीही आधीच बाहेर काढावीत. खिडकी उघडी, दार बंद आणि पंखाही बंद, कारण पंख्याने बीजाणू घरभर पसरतात. तोंडावर एन-95 मास्क आणि हातात रबरी मोजे घालून साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने डाग पुसावा. कोरड्या ब्रशने मुळीच खरवडू नये. ब्लीचवर आपला फार विश्वास असतो, पण मेलेल्या बुरशीचीही अ‍ॅलर्जी होते, त्यामुळे ती नुसती मारून भागत नाही, पुसून काढावी लागते. शिवाय ब्लीचमध्ये संडास साफ करण्याचे आम्ल मिसळले की क्लोरिन हा विषारी वायू तयार होतो. बुरशी आतपर्यंत गेलेली गादी, कापडी खेळणी आणि फुगलेले प्लायवूड यांचा मोह सोडावा.

ही बुरशी कोणत्या जातीची, याच्या तपासणीवर पैसे घालवण्यात मला अर्थ दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली घरातील ओल आणि बुरशी यांचा संबंध दम्याशी व श्वसनाच्या त्रासाशी जोडला, पण बुरशीची अमुक पातळी सुरक्षित, असा आकडा दिला नाही. इंग्लंडमधील रॉचडेल येथे 2020 च्या डिसेंबरात बुरशीने भरलेल्या घरातील दोन वर्षांचे एक मूल श्वसनाच्या विकाराने दगावले आणि 2022 मधील चौकशीत त्याचे कारण ती बुरशीच ठरली. मूल रात्री खोकत असेल किंवा त्याच्या छातीत घरघर होत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना खोलीतल्या ओलीविषयी आवर्जून सांगावे. ते आपणहून विचारतीलच असे नाही.

रंगाची घाई करू नये. ओल्या भिंतीवर लावलेला रंग, बुरशीरोधक असला तरी, पोपडे होऊन सुटतो. बाहेरची भेग बुजवून भिंत पूर्ण वाळू द्यावी आणि मग दिवाळीच्या सुमारास रंगाऱ्याला बोलवावे.