जेमर्सनच्या तारा

(दृश्य: टेबलावर बेस गिटारच्या सुट्या तारा. एकीवरून नख फिरतं. खर्रर्र असा आवाज.)

ही राउंडवाउंड तार. आत पोलादी गाभा, भोवती गोल वायरीचे वेढे. नख त्या वेढ्यांवर अडखळत जातं. आता दुसरी.

(नख पुन्हा फिरतं. जवळपास शांतता.)

ही फ्लॅटवाउंड. हिची वरची वायर पट्टीसारखी चपटी, वेढे एकमेकांना खेटून बसलेले. नखाला धरायला काही सापडतच नाही.

आवडत्या बेसवादकाचा टोन आपल्या हाताला यावा म्हणून तारा शोधायला निघालेला माणूस आधी या दोघींपाशी येऊन थांबतो. मीही थांबलो होतो.

मला जेम्स जेमर्सन या बेसवादकाचा टोन हवा होता. १९६०च्या दशकात मोटाउन या रेकॉर्ड कंपनीची जी गाणी डेट्रॉइटमध्ये ध्वनिमुद्रित झाली, त्यांच्याखालून चालणारा तो जाड, गोल, आखूड खर्ज. त्याच्या सामानाची यादी बेस वाजवणाऱ्यांना पाठ असते. १९६२चा फेंडर प्रिसिजन बेस आणि त्यावर ला बेलाच्या दणकट फ्लॅटवाउंड तारा, ०.०५२ ते ०.११० इंच जाडीच्या. मी त्याच जाडीच्या फ्लॅटवाउंड तारा आणल्या, चढवल्या, स्वरात लावल्या आणि छेडल्या.

खणखणीत वाजल्या! तिथेच माझा चेहरा पडला. प्रत्येक सुराच्या तोंडाशी धातूची किणकिण, आणि आस, म्हणजे सुराचं रेंगाळणं, तर संपता संपेना. जेमर्सनचा मागमूस नाही.

वर आणखी एक भानगड. जाड तारांचा ताण जास्त, त्यामुळे गिटारची मान पुढे वाकली आणि तारा फ्रेटपासून, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून, उंच गेल्या. मानेच्या टोकाला तारा टेकवणारी पट्टी म्हणजे नट. माझ्या नटच्या खाचा नेहमीच्या ०.०४५ ते ०.१०५ इंचांच्या संचासाठी कापलेल्या. त्यात ०.११०ची ई तार, म्हणजे सगळ्यात जाड तार, बसेना. मान सरळ करणारी आतली सळई, म्हणजे ट्रस रॉड, फिरवला, खाच कानशीने जराशी घासली, मग कुठे ती टेकली. जाडी बदलायची तर एवढा उपद्व्याप धरूनच चालावं.

(दृश्य: गिटारच्या मानेचं टोक, ट्रस रॉड फिरवणारा हात.)

माझा घोळ कुठे झाला, हे मला जेमर्सनकडून कळलं नाही. ते कळलं स्टीव्ह हॅरिसकडून, म्हणजे आयर्न मेडन या हेवी मेटल बँडच्या बेसवादकाकडून. त्याच्याकडेही प्रिसिजन बेस. तारा त्याच्याही फ्लॅटवाउंड, रोटोसाउंडच्या, ०.०५० ते ०.११०. कागदावर हे दोघे सख्खे भाऊ. कानाला मात्र एकाचा आवाज बंद दाराआडून आल्यासारखा, तर दुसऱ्याचा घोडदळ अंगावर आल्यासारखा. कारण हॅरिस प्रत्येक कार्यक्रमाला कोऱ्या तारा चढवतो, आणि जेमर्सन तार तुटेपर्यंत तिला हात लावत नसे.

(दृश्य: जुन्या तारेचा अगदी जवळून फोटो. वेढ्यांच्या फटीत काळपट मळ.)

ई तार मोकळी छेडली की सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते. पण आपण जिला चकाकी म्हणतो ती त्या ४१मध्ये नसते. ती असते वरच्या उपस्वरांत, शेकड्यांत आणि हजारांत. कोरी तार अंगभर सारख्या वजनाची असते, म्हणून हे उपस्वर तिच्यात मोकळे खेळतात. मग वाजवता वाजवता घाम, तेल, कातडीचे कण वेढ्यांत जाऊन बसतात आणि कंपन पिऊन टाकतात. आधी मरतात ते वरचे सूर. खालचा शाबूत राहतो.

काही जण तारा उकळत्या पाण्यात टाकतात. मळ निघतो, चकाकी परतही येते, पण थोडेच दिवस. फ्रेटवर दाबून दाबून तारेला पडलेले खळगे उकळून भरत नाहीत.

जेमर्सनकडे अजून दोन गोष्टी होत्या. ब्रिजवरच्या, म्हणजे तारा जिथे अडकतात त्या भागावरच्या, धातूच्या झाकणाखाली तारांना टेकलेला फोमचा तुकडा, आणि उजव्या हाताचं एकच बोट, तर्जनी. फोममुळे आस आखडते. एकाच बोटामुळे प्रत्येक सुराचं वजन सारखं पडतं. हे सोडून नुसत्या तारा आणणं म्हणजे मी केलं तेच.

उलट बाजूने फसायचं असेल तर बेसवादक जॅको पास्टोरियस आहेच. फ्रेटलेस, म्हणजे बिनफ्रेटचा बेस, म्हटलं की माणूस आपसूक फ्लॅटवाउंडकडे वळतो. पण १९७६च्या त्याच्या पहिल्या अल्बमवरचा तो गाणारा बेस रोटोसाउंडच्या राउंडवाउंड तारांचा आहे. त्या तारा लाकूड खातात, म्हणून त्याने लाकडी फिंगरबोर्डवर इपॉक्सीचा कडक थर चढवला होता. शिवाय तो छेडायचा ब्रिजच्या जवळ, जिथे उपस्वर जास्त हाताला लागतात. फ्रेटलेसवर फ्लॅटवाउंड चढवल्या तर आवाज उभ्या डबल बेसकडे झुकतो. वाईट नाही, पण तो जॅको नव्हे.

निकेल घ्यावं की स्टेनलेस स्टील, हा वाद मी ऐकतो आणि सोडून देतो. स्टील जरा तिखट असतं, हे खरं. पण आधी तारेचं वय, मग छेडायची जागा, मग धातू. ध्वनिमुद्रण ऐकतानाही मी हेच शोधतो: सूर किती वेळ टिकला, आणि बोट सरकताना किंचाळलं का? किंचाळलं, तर बहुतेक राउंडवाउंड.

(दृश्य: तोच बेस. ब्रिजजवळ तारांखाली फोमची पट्टी सरकवली जाते. तर्जनी पिकअपच्या, म्हणजे तारेचं कंपन टिपणाऱ्या भागाच्या, वर टेकते.)

या त्याच तारा, ज्यांनी मला तोंडघशी पाडलं. आता दोन वर्षांच्या आहेत. एकदाही पुसलेल्या नाहीत. ऐका.

(चार सुरांचा तुकडा वाजतो.)

'जी' नावाची सगळ्यात बारीक तार अजून जराशी किणकिणते. तिच्यावर माझं बोट फारसं जात नाही.