आपल्या किनाऱ्यावरची पोरं राजदूत का होऊ नयेत?

नमस्कार मंडळी. आज राजदूताच्या करिअरबद्दल बोलूया. आपल्याकडे बहुतेक वाड्यांमध्ये कोणी ना कोणी बोटीवर नाहीतर आखातात असतोच, म्हणजे परदेशातल्या भारतीय वकिलातीची गरज पडते ती आपल्याच माणसांना, आणि तरी त्या वकिलातीत नोकरी करायचा विचार आपली पोरं करत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

सुरुवात यूपीएससीपासून. परराष्ट्र सेवा मिळाली की आधी मसुरी, मग दिल्लीत ट्रेनिंग, आणि मग थर्ड सेक्रेटरी म्हणून, म्हणजे वकिलातीतल्या अधिकाऱ्याच्या पहिल्या पायरीवर, पहिलं पोस्टिंग, तिथं एक परकी भाषा शिकून परीक्षा पास व्हावीच लागते. पुढे सेकंड सेक्रेटरी, फर्स्ट सेक्रेटरी, दर तीनेक वर्षांनी बिऱ्हाड उचला, मुलांच्या शाळा बदला, असं चालू राहतं.

काम काय असतं? समजा गुहागरचा एखादा माणूस तिकडे आखातात कामावर असताना वारला. हॉस्पिटलचे, पोलिसांचे कागद सगळे अरबीत, घरचे इकडे फोनला चिकटून बसलेले, आणि वकिलातीतून मृत्यूची नोंद, पासपोर्ट रद्द, एनओसी हे झाल्याशिवाय मृतदेह विमानात चढत नाही. तेव्हा अरबी शिकलेला एखादा तरुण अधिकारी स्वतः उठून तिथल्या ऑफिसात गेला तर त्या घराला केवढा आधार मिळतो हो!

आणि हापूस! अमेरिकेचं दार आपल्या आंब्याला अठरा वर्षं बंद होतं, ते 2007 साली उघडलं. 2014 च्या मे महिन्यात युरोपने फळमाशीचं कारण देऊन बंदी घातली, ती जानेवारी 2015 मध्ये उठली. बागायतदारांनी, पॅकहाऊसवाल्यांनी मेहनत घेतलीच, पण समोरच्या सरकारशी बोलणी करायला माणूस लागतोच ना.

राजदूतपद यायला साधारण वीसेक वर्षं जातात. त्यातही नाव आधी त्या देशाला गुपचूप विचारतात, अगदी स्थळ विचारतात तसं, होकार आला की मगच जाहीर करतात. मग राष्ट्रपतींच्या सहीचं अधिकारपत्र तिथल्या राष्ट्रप्रमुखाच्या हातात द्यायचं आणि कामाला लागायचं.

आपल्या रत्नागिरीत जन्मलेले बाळासाहेब खेर 1952 ते 54 लंडनला भारताचे हायकमिशनर (राष्ट्रकुलातल्या देशांत राजदूताला असंच म्हणतात) होते, ते राजकारणातून गेले. परीक्षा देऊन गेलेले म्हणाल तर कोल्हापूरकडच्या अब्दुललाट गावचे ज्ञानेश्वर मुळे, मालदीवला हायकमिशनर, न्यूयॉर्कला कॉन्सुल जनरल, म्हणजे तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासाचे प्रमुख. खेड्यातूनच गेले ना?

तेव्हा मुलांनो, मुलींनो, कुठल्याही शाखेची पदवी चालते, वय एकवीस पूर्ण हवं, मुख्य परीक्षेचे पेपर मराठीत लिहिता येतात आणि मुलाखतही मराठीत देता येते. इंग्रजीचा एक पेपर मात्र पास व्हावा लागतो, त्याची तयारी आत्तापासूनच करा.