‘त्वरेने’ : व्यापारसिद्धांतातील एका गृहीतकाची तपासणी

(दृश्य : कोरा कागद. त्यावर एकेक करून चार आकडे उमटतात.)

100, 120, 90 आणि 80. आंतरराष्ट्रीय व्यापाराचा सिद्धांत शिकवायला घेतला, की बहुधा हेच चार आकडे सर्वांत आधी फळ्यावर येतात. डेव्हिड रिकार्डो यांनी 1817 मध्ये प्रसिद्ध केलेल्या राजकीय अर्थशास्त्रावरील ग्रंथातले हे आकडे आहेत. ठरावीक कापड तयार करायला इंग्लंडमध्ये 100 माणसांचे वर्षभराचे श्रम लागतात आणि ठरावीक वाइनला 120 माणसांचे. पोर्तुगालमध्ये मात्र तेवढ्याच कापडाला 90 आणि तेवढ्याच वाइनला 80 माणसे पुरतात. दोन्ही कामांत पोर्तुगाल सरस असूनही त्याने वाइन विकून कापड घ्यावे, असे रिकार्डो सांगतात. कारण 80 माणसांच्या श्रमाच्या बदल्यात त्याच्या पदरात 90 माणसांचे काम पडते, आणि इंग्लंडलाही 100 माणसांच्या कापडावर 120 माणसांची वाइन मिळते. तुलनात्मक लाभाच्या या गणितात आजवर कोणाला चूक काढता आलेली नाही.

अडचण आहे ती त्याच प्रकरणातल्या दुसऱ्या एका विधानात. यॉर्कशायरमध्ये भांडवलावरचा नफा लंडनपेक्षा जास्त झाला, तर भांडवल त्वरेने लंडनहून यॉर्कशायरकडे जाईल आणि दोन्हीकडचा नफा सारखा होईल, असे रिकार्डो जाता जाता लिहून गेले. दोन देशांच्या दरम्यान असे होत नाही. मालक आपले भांडवल परक्या मुलखात न्यायला कचरतो. म्हणूनच त्यांना परदेशी व्यापारासाठी वेगळा नियम मांडावा लागला. पण देशाच्या आत सगळे काही सहज हलते, हे त्यांनी धरूनच चालले. त्या एका ‘त्वरेने’ या शब्दामुळे पुढे दीर्घकाळ सिद्धांतातला देश म्हणजे कागदावरचा निव्वळ एक ठिपका राहिला. ठिपक्याला लांबी-रुंदी नसते, त्यामुळे लाभ देशाला झाला म्हटल्यावर देशात नेमका कुठे झाला, हा प्रश्न विचारायला जागाच उरत नाही.

स्वीडनचे बर्टिल ओहलिन यांना ही उणीव जाणवली होती. त्यांच्या 1933 च्या ग्रंथाच्या नावातच ‘आंतरप्रादेशिक’ हा शब्द ‘आंतरराष्ट्रीय’च्या आधी येतो. पाठ्यपुस्तकांनी मात्र एली हेक्शर यांच्या जोडीने त्यांचे नाव एका प्रमेयाला दिले आणि ‘आंतरप्रादेशिक’ हा भाग बराचसा बाजूला ठेवला.

या विद्याशाखेत ‘प्रादेशिक’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो, आणि त्यातून बराच घोळ होतो. एक अर्थ शेजारच्या देशांनी एकत्र येऊन केलेल्या गटाचा. जेकब वायनर यांनी 1950 मध्ये दाखवून दिले, की असा गट आपापसातले आयातशुल्क काढून टाकतो तेव्हा घरचा महाग माल मागे पडून सदस्य देशाचा स्वस्त माल येऊ शकतो, तसाच बाहेरचा स्वस्त माल मागे पडून सदस्याचा महाग मालही येऊ शकतो. पहिल्याला व्यापारनिर्मिती आणि दुसऱ्याला व्यापारवळण म्हणतात. दुसरा अर्थ देशाच्या पोटातल्या भागांचा. आपला विषय तो आहे.

(दृश्य : अमेरिका आणि कॅनडा यांचा नकाशा. मधली सीमारेषा ठळक होते.)

अंतर वाढले की व्यापार घटतो आणि अर्थव्यवस्था मोठी असली की तो वाढतो, हे यान टिनबर्गन यांनी 1962 मध्ये एका साध्या समीकरणात मांडले. भौतिकशास्त्राशी असलेल्या साम्यामुळे त्याला गुरुत्व समीकरण म्हणतात. जॉन मॅककॅलम यांनी 1995 मध्ये हेच समीकरण कॅनडाच्या प्रांतांना आणि अमेरिकेच्या राज्यांना लावले. 1988 च्या आकडेवारीत त्यांना असे आढळले, की आकार आणि अंतर सारखे धरले तर कॅनडाच्या दोन प्रांतांमधला व्यापार एखादा प्रांत आणि अमेरिकेचे राज्य यांच्यातल्या व्यापाराच्या तब्बल 22 पट भरतो. हा आकडा पुढे जेम्स अँडरसन आणि एरिक व्हॅन विनकूप यांनी 2003 मध्ये बराच खाली आणला, कारण लहान अर्थव्यवस्थेला सीमा अधिक जाचते ही बाब आधीच्या हिशेबात आली नव्हती. त्यांच्या मते औद्योगिक देशांमधला व्यापार सीमेमुळे 20 ते 50 टक्के कमी होतो.

(दृश्य : पांढरी चादर. सुईने ओवलेले जाड दोरे, कापलेल्या टोकांचे गोंडे.)

जॉर्जिया राज्यातल्या डाल्टन या गावी 1895 मध्ये कॅथरीन इव्हान्स नावाच्या किशोरवयीन मुलीने लग्नाच्या भेटीसाठी एक पलंगपोस केला. कापडात जाड दोरा ओवायचा, टोके कापायची आणि त्यांचे गोंडे फुलवायचे, अशी ती रीत. पलंगपोसाची मागणी वाढली, शेजारच्या बायका हे काम शिकल्या. पुढे यंत्रे आली आणि याच कसबातून गालिच्यांचे कारखाने उभे राहिले. अमेरिकेची गालिच्यांची राजधानी म्हणून आज डाल्टनचेच नाव घेतले जाते. त्या जागेत मुळात गालिच्यांना अनुकूल असे विशेष काही नव्हते. पॉल क्रुगमन यांनी हे उदाहरण आवर्जून वापरले, कारण त्यांच्या 1991 च्या प्रतिमानाचे मर्म त्यात आहे : मोठ्या प्रमाणावर उत्पादन केल्याने खर्च उतरत असेल, तर कारखाने जिथे बाजार आहे तिथे जमतात आणि कारखाने जमतात तिथे बाजार वाढतो. वाहतूक स्वस्त झाल्यावर उद्योग सगळीकडे पसरतील ही सर्वसाधारण समजूत इथे उलटी पडू शकते. ठरावीक मर्यादेपलीकडे वाहतूक खर्च उतरला, की एक भाग केंद्र बनतो आणि दुसरा परिघावर ढकलला जातो. 2008 चे नोबेल पारितोषिक क्रुगमन यांना याच धर्तीच्या कामासाठी मिळाले.

मग रिकार्डोंच्या ‘त्वरेने’चे काय?

(दृश्य : अमेरिकेचा नकाशा. तो 722 तुकड्यांत विभागला जातो.)

डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन यांनी 2013 मध्ये जी तपासणी प्रसिद्ध केली, तिच्यात देश ठिपका राहिला नाही. माणसे जिथे राहतात आणि जिथे रोज कामाला जातात असा परिसर हे त्यांचे एकक. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर असे 722 परिसर त्यांनी घेतले. चीनकडून येणाऱ्या आयातीची झळ प्रत्येक परिसराला तिथल्या कारखान्यांच्या मिश्रणाप्रमाणे वेगवेगळी बसते. पण आयात वाढली ती चीनच्या क्षमतेमुळे की अमेरिकेतल्याच मागणीमुळे, हे कसे ओळखायचे? त्यासाठी त्यांनी इतर 8 संपन्न देशांकडे गेलेला चिनी माल मोजला. तोच माल तिथेही वाढला असेल, तर त्याचे कारण अमेरिकेतली मागणी नसून चीनची क्षमता आहे, असे मानता येते. युक्ती साधी आहे, पण सगळा निष्कर्ष तिच्यावर उभा आहे. 1990 ते 2007 या काळात कारखानदारीतल्या रोजगारात जी घट झाली, तिचा सुमारे एकचतुर्थांश भाग या आयातीमुळे होता. त्याहून अनपेक्षित गोष्ट म्हणजे झळ लागलेल्या परिसरांतून माणसे फारशी बाहेर पडलीच नाहीत; तिथली बेकारी वाढली, वेतन उतरले आणि अपंगत्व भत्त्यासारख्या सरकारी मदतीवरचा भार वाढला. याच तिघांनी 2021 मध्ये पुन्हा आकडे पाहिले, तेव्हा 2019 पर्यंतही तो परिणाम ओसरलेला नव्हता.

धोरणकर्त्यांना हे निष्कर्ष अवघड जातात. माणसे हलत नसतील, तर पैसा त्या जागेकडे न्यावा, असे सहज सुचते. युरोपात हे 1975 पासून प्रादेशिक विकास निधीच्या रूपाने चालू आहे. तिथली दरडोई उत्पन्नाची अट संशोधकांना आयतीच सापडली : युरोपीय सरासरीच्या 75 टक्क्यांहून खाली असलेल्या प्रदेशाला मोठी मदत मिळते. 74 टक्क्यांवरचा आणि 76 टक्क्यांवरचा प्रदेश यांत एरवी फरक तो किती? त्यामुळे रेषेच्या अल्याडपल्याडच्या प्रदेशांची तुलना केली, की मदतीचा परिणाम बऱ्यापैकी वेगळा काढता येतो. साशा बेकर, पीटर एगर आणि मॅक्सिमिलियन फॉन एर्लिख यांनी 2010 मध्ये तसे केले आणि मदतीमुळे दरडोई उत्पन्नाची वाढ सुमारे 1.6 टक्के-बिंदूंनी उंचावल्याचे त्यांना दिसले. रोजगारात मात्र वाढ आढळली नाही. तीन वर्षांनी त्यांनी आणखी खोलात जाऊन पाहिले. मदत घेणाऱ्या प्रदेशांपैकी जेमतेम 30 टक्क्यांनाच तिचे रूपांतर वाढीव उत्पन्नात करता आले होते, आणि त्या प्रदेशांत शिकलेले मनुष्यबळ आणि बऱ्यापैकी चालणाऱ्या शासनसंस्था आधीपासूनच होत्या.