दहा नंबरचा बोल्ट

(पहिले काही सेकंद निवेदन नाही. फक्त आवाज. खट्. खट्. खट्.)

आवाज ओळखीचा वाटतोय? गाडी स्टँडवर आहे, इंजिन बंद आहे आणि चप्पल घातलेला एक पाय गिअर दाबतोय. पाय खाली जातो, लिव्हर खाली जाते, गिअर काही पडत नाही. परत दाबला. परत तेच. चौथ्या वेळेला पडला, पण कुठला पडला ते गाडी चालू केल्यावरच कळणार.

फलटणवरून बारामतीकडे जाणारा हा रस्ता, सकाळचे साडेसहा वाजलेत. पत्र्याचं शेड, दारात टांगलेलं जुनं टायर आणि खाली वर्षानुवर्षांच्या ऑइलनं काळी पडून डांबरासारखी कडक झालेली जमीन. गॅरेजला नावाचा बोर्ड नाही, सगळे वस्तादांचं गॅरेज म्हणतात, आम्हीपण तेच म्हणू.

पहिलं गिऱ्हाईक दूधवाले तात्या. दोन्ही बाजूला कॅन, मागं अजून एक आडवा, आणि या सगळ्याच्या खाली कुठंतरी एक स्प्लेंडर आहे. तात्या उतरले पण नाहीत, बसल्या जागेवरून म्हणाले, "वस्ताद, गिअरच्या लिव्हरला जरा वेल्डिंग मारून द्या, मोकळं व्हायचंय."

वस्तादांनी मान हलवली. नाही.

आता हा नकार समजायचा असेल तर आधी गिअर लिव्हर बसते कशी ते बघायला लागेल. कॅमेरा आम्ही जवळ नेलाय, बघा. इंजिनातून डाव्या बाजूला एक बोटाएवढा शाफ्ट, म्हणजे लोखंडी दांडा, बाहेर येतो, त्याच्यावर बारीक बारीक दाते आहेत, गोल फिरून सगळीकडं. लिव्हरच्या टोकाला भोक आहे आणि त्या भोकात आतून तसेच दाते. दात्यात दाते बसतात. लिव्हरच्या त्या गोलाला एका बाजूनं चीर दिलेली असते आणि चिरेतून आडवा एक बोल्ट, सहा एमएमचा, डोक्याला दहाचा पाना लागतो. बोल्ट आवळला की चीर मिटत येते आणि गोल शाफ्टला मिठी मारतो. बास, एवढंच. तुमच्या पायाचा सगळा जोर या एका मिठीवर चालतो.

बोल्ट अर्धा आटा जरी ढिला पडला तरी दाते एकमेकांवर हलायला लागतात. सुरुवातीला केसाएवढं. तेव्हा कुणाला कळत नाही, गाडी जुनी झाली म्हणतात, ऑइल बदलतात, क्लचची केबल आवळतात. वर पावसाळ्यात चिखल आत जातो आणि तो चिखल पॉलिश पेपरसारखं काम करतो. शाफ्टला पाणी दिलेलं असतं, म्हणजे तापवून एकदम गार केलेला, तो कडक. लिव्हर त्यामानानं मऊ. म्हणून आधी झिजतात ते लिव्हरचे दाते, आणि ही खरं तर चांगली गोष्ट आहे कारण लिव्हर दोन-तीनशे रुपयात मिळते. पण तसंच रेटत राहिलं तर मग शाफ्टची पाळी येते.

वस्तादांचा हात गिअरवर कसा बसला ते पण ऐका, कारण ते सांगताना त्यांचा चेहरा जो झाला तो आम्हाला कापवला नाही. ते शिकले राजदूतवर. त्या काळी दूधवाला म्हणजे राजदूत, दुसरी गाडी नाही. मग येझदी, तिची गंमत वेगळी, गिअर आणि किक दोन्हीला एकच दांडा, आत दाबून वर फिरवला की किक, मारून झाली की परत गिअर. म्हणजे दोन कामं एकाच दांड्यावर, मग तो हालणार नाही तर काय. बुलेटचा गिअर तेव्हा उजव्या पायाला, त्यामुळं वस्ताद सांगतात की दिवसातनं दोनदा तरी ट्रायल घेताना ब्रेकच्या जागी गिअर दाबला जायचा. १९८५ ला यामाहाची आरएक्स १०० आली आणि कॉलेजची पोरं गॅरेजला यायला लागली. आणि मग १९९४ ला स्प्लेंडर. ९७.२ सीसी, चार गिअर, चारही पुढं दाबून, उतरवायचे असतील तर मागनं टाचेनं. टाचेचा हा दांडा दूधवाल्यांसाठीच केलाय की काय असं वाटतं, कारण चपलेनं, गमबुटानं, अनवाणी, कसाही दाबा. पण एक आहे. टाच म्हणजे अंगाचा सगळा भार. लिव्हरला पुढनं बोटं दाबणार, मागनं टाच हाणणार, दिवसाला कितीदा ते मोजा, त्यात गाडीवर शंभर किलोचा माल असला की माणूस गिअर हळू टाकतच नाही.

स्प्लेंडर काढणारे हिरो आणि होंडा वेगळे झाले त्यालाही आता बरीच वर्षं झाली, टाकीवरचं नाव बदललं. दहाचा बोल्ट तोच आहे.

(इथं वस्तादांचा आवाज तसाच ठेवायचा.)

"किती दिस झालं हालतंय तात्या?"

"दिवाळीपास्नं."

शेडमध्ये बारक्या आहे, आयटीआयला जातो आणि सकाळी दोन तास इथं. वस्तादांनी त्याच्याकडं हात केला आणि त्यानं दप्तरातनं काय काढलं बघा, व्हाइटनर. पानाबिना नाही. शाफ्टच्या तोंडावर आणि लिव्हरवर मिळून एक सरळ पांढरी रेघ मारली. वाळू दिली. आणि मग लिव्हर हातानं दाबली.

(क्लोजअप. रेघ तुटते. निवेदन थांबवा.)

लिव्हरवरची अर्धी रेघ खाली गेली. शाफ्टवरची जागेवर. इतकी साधी टेस्ट आहे, आपल्या घरी पार्किंगमध्ये करता येईल. रेघ तुटली म्हणजे दोष दात्यात नाहीतर बोल्टात. रेघ सरळ राहिली आणि तरी गिअर नीट पडत नाही, तर मग क्लच बघा, आतलं बघा, लिव्हरच्या मागं लागू नका.

आता खोलायचं. आधी डिझेल आणि ब्रशनं चिखल काढला, याला वस्ताद पाच मिनिटं देतात आणि इथंच बाकीचे घाई करतात. बोल्ट ढिला करून चालत नाही, तो पूर्ण बाहेर काढायचा, कारण तो शाफ्टच्या खाचेतून जातो, लिव्हर सुटून पडू नये म्हणून. हे माहीत नसलेला माणूस बोल्ट ढिला करून मागनं हातोडी हाणतो आणि आतल्या भागाची वाट लावतो. बोल्ट निघाल्यावर चिरेत चपटा स्क्रूड्रायव्हर घालून हलकासा पीळ दिला, गोल उघडला, लिव्हर हातात आली.

आणि हे आतले दाते. बघा. दातेच नाहीत. गुळगुळीत, अंगठीसारखं.

शाफ्ट मात्र वाचलाय. तारेच्या ब्रशनं घासला, दोन दात्यांवर कड आली होती ती तीनधारी कानशीनं अगदी अलगद काढली, कानस तिथं फक्त टेकवायची.

मधे एक जुगाड पण शूट झालंय ते दाखवतो, कारण रस्त्यात कधी अडकलात तर उपयोगी पडेल. कधीकधी दाते थोडे शिल्लक असतात पण चीर पूर्ण मिटलेली असते, म्हणजे बोल्ट कितीही आवळा, लोखंडाला लोखंड टेकलंय, मिठी बसणार कुठनं. मग त्या चिरेतनं एक्सा ब्लेड, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीचं पातं, दोन-चार वेळा फिरवायचं. चीर रुंद झाली, बोल्टला परत ओढायला जागा मिळाली. नाहीतर कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापून शाफ्टभोवती गुंडाळायचा आणि वर लिव्हर ठोकायची. घरापर्यंत याल. वस्ताद हे करून देतात आणि देताना सांगतात की उद्या नवीन टाक. उद्या कुणी येत नाही ती गोष्ट वेगळी.

आणि वेल्डिंग? वेल्डिंगला नाही का म्हणतात ते त्यांनी कोपऱ्यातल्या या शाफ्टवर दाखवलं, कुठल्यातरी गाडीचा काढलेला, लिव्हर अजून चिकटलेली आणि मधे ग्राइंडरनं कापलेला. लिव्हरच्या पाठीमागं लगेच ऑइल सील आहे, ऑइल बाहेर येऊ न देणारं, रबरी. वेल्डिंगची आच लागली की ते करपतं आणि ऑइल टपकायला लागतं. टपकलं की सील बदलायचं, सील बदलायला लिव्हर काढायची, लिव्हर निघत नाही. बरं, चेन स्प्रॉकेट बदलायचंय, वीज तयार करणारं मॅग्नेट बघायचंय, डावं कव्हर खोलायला लिव्हर आधी निघायला हवी. निघत नाही. मग कापायचं. कापलं की शाफ्ट गेला, आणि नवीन शाफ्ट टाकायला उजव्या बाजूचं कव्हर खोला, क्लच काढा, तिकडनं शाफ्ट ओढा. दोन-तीनशेचं काम होतं कुठं आणि गेलं कुठं. परत वेल्डिंगवाला बॅटरीची वायर काढतोच असं नाही, तिथं सीडीआय, म्हणजे प्लगची ठिणगी सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा, उडालं तर तो खर्च वेगळाच. मला विचाराल तर गिअर लिव्हरला वेल्डिंग मारणाऱ्यानं गाडीवर तारीख लिहून द्यावी, पुढच्या मेकॅनिकला शिव्या कुणाला द्यायच्या ते कळेल.

नवीन लिव्हर. बसवायला सोपी, पण इथं वस्ताद तात्यांना गाडीवर बसायला लावतात. पाय ठेव म्हणतात. गमबूट घालून ठेव, चप्पल नको. एक दाता वर, एक दाता खाली, एवढ्यानं टाच कुठं पडते ते बदलतं. कंपनीतनं येते ती जागा बरोबरच असते पण तात्यांच्या गुडघ्याची जागा कंपनीला माहीत नाही. दोनदा काढली, तिसऱ्यांदा बसली.

बोल्ट नवीन, खाली स्प्रिंग वायसर, बोल्ट ढिला पडू नये म्हणून घालायची चकती. आणि आवळताना बघा पाना कुठं धरलाय, मधे, टोकाला नाही. सहा एमएमच्या बोल्टला कंपनीच्या पुस्तकात आवळायचा जोर साधारण दहा न्यूटन मीटर लिहिलेला असतो, वस्तादांनी ते पुस्तक बघितलेलं नाही. जास्त जोर लावला की बोल्ट तुटतो नाहीतर लिव्हरचे आटे निघतात, मग ते ड्रिल करून काढत बसायचं.

मागच्या महिन्यात चढावर तात्यांचा गिअर पडला नव्हता, गाडी मागं आली, एक कॅन दूध गेलं, पायाला चार टाके.

(पुढचा शॉट लांब आहे, त्यावर काही बोलायचं नाही. कॅन परत बांधले जातात.)

पैसे किती झाले ते दोघांनी आम्हाला सांगितलं नाही. जाताना वस्तादांनी एवढंच म्हटलं, "शंभर किलोमीटरनं परत या, एकदा आवळायला." नवीन लिव्हरचे दाते बसायला थोडी घासाघीस होते आणि बोल्ट परत किंचित ढिला पडतो, हे खूप जणांना माहीत नाही, सांगणारे पण थोडेच.

तात्या तिसऱ्या दिवशी आले. कॅन भरलेले, इंजिन चालूच. बारक्या खाली बसला, नवीन लिव्हरवर परत व्हाइटनरची रेघ मारली होती, तिच्यावर अंगठा फिरवून धूळ पुसली.

(क्लोजअप. रेघ सरळ आहे.)

तरी दहाचा पाना लावला. पाव आटा बसला.